सातवीतल्या मुलांनी घरी नेलेली बाहुली

पुठ्ठ्याचा खोका उघडला की आत घडी घातलेली प्लास्टिकची बाहुली निघायची. ती तोंडानं फुगवायची. हातपाय नाहीत, फक्त डोकं, मान आणि छाती. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवून पुरेसं खोल दाबलं की आतून ‘टक्’ असा आवाज येतो. सोबत २४ मिनिटांची एक डीव्हीडी. २००५ साली डेन्मार्कमधल्या सातवीच्या मुलांना असे सुमारे ३५ हजार खोके वाटले गेले. मुलांनी वर्गात डीव्हीडी बघत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवण्याची पद्धत, शिकायची, मग बाहुली घरी न्यायची आणि आईबाबा, आजीआजोबा, शेजारीपाजारी, जो हाती लागेल त्याला शिकवायचं.

नंतर हिशोब मांडला तेव्हा एकेका मुलानं सरासरी अडीच माणसांना शिकवलं होतं. म्हणजे एका झटक्यात लाखाच्या वर लोकांचे हात त्या बाहुलीवर पडले होते. मग पुढचा, खरा हिशोब झाला. रस्त्यात, घरात, दुकानात कुणाची हृदयक्रिया बंद पडली, तर ॲम्ब्युलन्स येण्याआधी तिथे जवळ असलेल्या कुणीतरी सीपीआर दिला असं किती वेळा घडलं? आदल्या वर्षी त्याच महिन्यांत २५ टक्के वेळा, आणि बाहुल्या वाटल्यानंतर २७.९ टक्के. संख्याशास्त्राच्या कसोटीवर एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. ३५ हजार बाहुल्या वाटून हाती काही लागलं नाही, असा निष्कर्ष काढून योजना गुंडाळणं त्या वेळी अगदी सोपं होतं.

ती गुंडाळली गेली नाही. त्यानंतर काय झालं हे मला तपशिलात मांडायचं आहे. मी गेली काही वर्षं शाळांत आणि सोसायट्यांत सीपीआर शिकवते, आणि दर वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, “ताई, हे बाहेरच्या देशात ठीक आहे हो, आपल्या लोकांना नाही जमायचं.” डेन्मार्कचं प्रकरण मी या वाक्याला उत्तर शोधताना वाचायला घेतलं.

आधी थोडं शरीराबद्दल, कारण इथे बहुतेकांचा गोंधळ असतो. हार्ट अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबते. माणूस बहुतेक वेळा शुद्धीवर असतो, घाम फुटतो, छातीत दुखतंय असं तो स्वतः सांगतो. कार्डिॲक अरेस्टमध्ये हृदय रक्त ढकलायचंच थांबतं. काही सेकंदांत शुद्ध हरपते, हाक मारली तर उत्तर नाही, श्वास नाही. किंवा दिसायला श्वास असतो, पण तो श्वास नसतो. आपण म्हणतो ना, ‘घरघर लागली’, ती अवस्था. तोंड उघडं, मध्येच एक मोठा आचका, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा आचका. बघणारे म्हणतात, “श्वास चालू आहे, थांबा.” आणि थांबतात. त्या थांबण्यात माणूस जातो. हृदय बंद पडल्यापासून काहीच केलं नाही तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूला इजा होऊ लागते. जगातली कितीही चांगली ॲम्ब्युलन्स घ्या, चार मिनिटांत दारात उभी राहील याची खात्री कुणीच देऊ शकत नाही. त्या मधल्या वेळात छाती दाबून थोडंफार रक्त मेंदूकडे ढकलत राहणं, एवढंच काम जवळच्या माणसाकडे असतं. मिनिटाला १०० ते १२० दाब, मोठ्या माणसात ५ ते ६ सेंटिमीटर खोल.

ही पद्धत फार जुनी नाही. बंद छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरवता येतं, हे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या कोवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी १९६० साली मांडलं. त्याच सुमारास नॉर्वेतल्या स्टाव्हांगरच्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं शिकायला बाहुली तयार केली. म्हणजे सगळ्या जगाला हे तंत्र एकाच वेळी मिळालं. तरी आज निरनिराळ्या ठिकाणी त्याचा वापर इतका वेगवेगळा का?

किती वेगळा, ते बघा. युरोपातल्या २८ देशांनी २०१७ च्या शेवटच्या तीन महिन्यांत आपापल्या घटना एकाच साच्यात नोंदवल्या. जवळच्या माणसानं सीपीआर सुरू केल्याचं प्रमाण एका टोकाला १३ टक्के आणि दुसऱ्या टोकाला ८२ टक्के. आशियातल्या सात देशांच्या नोंदींत, ज्यात जपान, कोरिया, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, तैवान आणि संयुक्त अरब अमिरातीतलं दुबई आहे, हेच प्रमाण १०.५ ते ४०.९ टक्के होतं, आणि वाचणाऱ्यांचं ०.५ ते ८.५ टक्के. अमेरिका आणि कॅनडातल्या दहा ठिकाणांची २००८ साली तुलना झाली तेव्हा वाचण्याचं प्रमाण कुठे ३ टक्के तर कुठे १६.३ टक्के निघालं. दोन्हीकडे तीच औषधं, तीच यंत्रं, जवळजवळ तेच प्रशिक्षण घेतलेले पॅरामेडिक, आणि तरी पाचपट फरक.

आणि हा फरक देशांच्या सीमेवर थांबत नाही. अमेरिकेतल्या २९ ठिकाणच्या १४ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासून २०१२ साली जो अभ्यास आला, त्यात कमी उत्पन्नाच्या कृष्णवर्णीय वस्तीत कोसळलेल्या माणसाला सीपीआर मिळण्याची शक्यता श्रीमंत गोऱ्या वस्तीच्या मानानं निम्म्यावर आली होती. आणि हे एकाच देशात. त्यामुळे ‘अमुक देशातले लोकच तसे’ हे उत्तर मला कधी पटलेलं नाही.

एक सावधगिरी इथेच सांगून ठेवते. हे आकडे शेजारी ठेवून बघताना मोजणी कशी केली ते आधी पाहावं लागतं. एखाद्या ठिकाणी ॲम्ब्युलन्सवाले अगदी हाताबाहेर गेलेल्या रुग्णावरही प्रयत्न सुरू करत असतील, तर तिथलं वाचण्याचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. दुसरीकडे फक्त डोळ्यांदेखत कोसळलेल्यांची मोजणी होत असेल, तर तेच प्रमाण फुगतं. म्हणूनच १९९० साली नॉर्वेतल्या उट्स्टाइन इथल्या जुन्या मठात बैठक होऊन नोंदीचा एक समान साचा ठरला. तो साचा नसता तर वरच्या परिच्छेदातलं एकही वाक्य लिहिता आलं नसतं.

आता डेन्मार्क.

२००१ साली तिथलं चित्र काही हेवा वाटावं असं नव्हतं. हृदयक्रिया बंद पडलेल्या शंभरांपैकी २१ जणांना जवळच्या माणसाकडून सीपीआर मिळत होता आणि तीस दिवसांनंतर शंभरातले साडेतीन जिवंत होते. देश श्रीमंत, आरोग्यसेवा मोफत, रस्ते चांगले, ॲम्ब्युलन्स वेळेवर येणारी. तरीही साडेतीन.

हे साडेतीन त्यांना कळलं कसं, हा मला या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वाटतो. त्याच वर्षी, २००१ च्या जूनमध्ये, तिथे देशभराची कार्डिॲक अरेस्टची नोंदवही सुरू झाली. ॲम्ब्युलन्सवाल्यानं प्रत्येक घटनेनंतर छोटा फॉर्म भरायचा: कुणी पाहिलं का, कुणी सीपीआर सुरू केला होता का, हृदयाला विजेचा शॉक कुणी दिला, किती वाजता. पुढे प्रत्येक नागरिकाच्या ओळख क्रमांकावरून रुग्ण वाचला की नाही हे जोडून घेता येत होतं. आकडा लाजिरवाणा होता, पण तो समोर होता आणि पुढच्या वर्षी त्याची तुलना कशाशी करायची हेही ठरलेलं होतं.

मग एकामागून एक गोष्टी घडत गेल्या. आधीपासून एकत्र आखलेली अशी एखादी मोठी मोहीम नव्हती. २००५ पासून शाळेत सीपीआर शिकवणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी त्या बाहुल्या निघाल्या, आणि २०१० पर्यंत असे दीड लाखाच्या आसपास संच देशभर पोचले. २००६ पासून वाहन चालवण्याचा परवाना काढायचा तर आधी प्रथमोपचाराचा कोर्स करणं सक्तीचं झालं. हे पाऊल मला फार हुशारीचं वाटतं. परवाना जवळजवळ प्रत्येकाला हवा असतो. तो काढायला येणारा अठरा-वीस वर्षांचा मुलगा सीपीआर शिकायला आलेला नसतो, पण शिकून जातो, आणि पुढची पन्नास वर्षं त्याच समाजात राहतो. कामाच्या ठिकाणी ऐच्छिक कोर्स वाढले. सार्वजनिक जागी एईडी, म्हणजे शॉक देणारी स्वयंचलित यंत्रं, बसवायला सुरुवात झाली आणि कुठलं यंत्र कुठे आहे याची यादी तयार झाली. दशक संपता संपता ११२ या क्रमांकावरचे वैद्यकीय फोन नर्स आणि पॅरामेडिक घेऊ लागले.

या शेवटच्या बदलाला मी बाहुलीइतकंच वजन देते. फोनवरचा माणूस काय विचारतो यावर पुढची दहा मिनिटं ठरतात. “काय झालंय?” असं विचारलं की घाबरलेली बायको सगळं सांगत बसते: सकाळपासून बरं वाटत नव्हतं, साखर आहे, परवाच तपासणी झाली. प्रशिक्षित माणूस दोनच गोष्टी विचारतो. हाक मारल्यावर उत्तर देतात का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींना ‘नाही’ असं उत्तर आलं, किंवा ‘श्वास आहे पण विचित्र आहे’ असं आलं, की तो पुढचं काहीही न ऐकता सांगतो: “त्यांना जमिनीवर घ्या. फोन स्पीकरवर ठेवा. मी मोजतो, तुम्ही दाबा.” अमेरिकेतलं सिॲटल शहर ज्या किंग काउंटीत आहे तिथे फोनवरून असं शिकवणं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाच सुरू झालं होतं, आणि ते ठिकाण या बाबतीत जगात सतत पुढे राहिलं त्याचं हे एक मोठं कारण आहे. ज्यानं कधी बाहुलीवर हात ठेवलेला असतो त्याला फोनवरची सूचना लगेच कळते. ज्यानं कधीच ठेवलेला नसतो त्याचेही हात त्या आवाजामुळे हलतात.

२०१० पर्यंतचा निकाल असा. दहा वर्षांतल्या १९,४६८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या गेल्या. जवळच्या माणसानं सीपीआर दिल्याचं प्रमाण २१.१ वरून ४४.९ टक्क्यांवर गेलं. जिवंत अवस्थेत रुग्णालयात पोचणारे ७.९ वरून २१.८ टक्के झाले. तीस दिवसांनंतर जिवंत असलेले ३.५ वरून १०.८ टक्के आणि वर्षानंतर जिवंत असलेले २.९ वरून १०.२ टक्के. तिप्पट. शेवटच्या दोन आकड्यांतलं अंतर किती थोडं आहे ते बघा. पहिला महिना ओलांडलेले बहुतेक जण वर्षानंतरही होते. पुढच्या दशकात जवळच्या माणसाच्या सीपीआरचं प्रमाण ७५ टक्क्यांच्याही पुढे गेलं. जे वाचले त्यांचं पुढे काय झालं याचाही तिथे पाठपुरावा झाला, आणि ज्यांना आजूबाजूच्या माणसानं सीपीआर दिला होता त्यांच्यात मेंदूला इजा होण्याचं किंवा कायमचं शुश्रूषागृहात राहावं लागण्याचं प्रमाण कमी आढळलं.

याचं सगळं श्रेय बाहुलीला देता येणार नाही. त्याच दहा वर्षांत उपचारांचे नियम बदलले, ॲम्ब्युलन्समधले कर्मचारी जास्त शिकलेले झाले, रुग्णालयात आणल्यानंतरची काळजी सुधारली. हे सगळं एकदमच चाललं असल्यामुळे कशाचा वाटा किती, हे वेगळं काढणं अवघड आहे. अभ्यास करणाऱ्यांनीही ते तसंच मांडलं. पण छाती दाबणाऱ्यांचं प्रमाण दुप्पट झालं, हा बदल रुग्णालयात घडलेला नाही. तो घराघरांत घडला आहे.

बॉर्नहोमची दोन वर्षं

डेन्मार्कच्या नकाशात बॉर्नहोम शोधायला थोडं उजवीकडे बघावं लागतं. बाल्टिक समुद्रातलं हे बेट बाकीच्या डेन्मार्कपेक्षा स्वीडनला जवळ. लोकसंख्या तेव्हा ४२ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. सप्टेंबर २००८ ते सप्टेंबर २०१० या दोन वर्षांत इथे सगळं एकाच वेळी करून बघायचं ठरलं. बेटाच्या स्वतःच्या स्थानिक वाहिनीवर सीपीआरबद्दल पुन्हा पुन्हा कार्यक्रम दाखवले गेले. २४ मिनिटांचा डीव्हीडीवाला कोर्स ९,२२६ लोकांनी केला, एईडीसकटचा चार तासांचा कोर्स २,४५३ लोकांनी. दर चार-पाच माणसांमागे एक जण शिकलेला. एवढ्या लहान जागेत याचा अर्थ असा, की प्रत्येक घरात, किंवा निदान शेजारच्या घरात, कुणीतरी बाहुलीवर हात ठेवलेलं होतं.

आधी बॉर्नहोमवर जवळच्या माणसानं सीपीआर दिल्याचं प्रमाण ४७ टक्के होतं. त्या दोन वर्षांत ते ७० टक्के झालं. आणि कार्यक्रम संपल्यानंतरच्या तीन वर्षांतही ते टिकून राहिलं.

मात्र वाचणाऱ्यांचं प्रमाण ४.६ वरून ६.७ टक्क्यांवर गेलं, आणि हा फरक ठामपणे सांगता येण्याइतका नव्हता. वर्गात हे सांगितलं की लोकांचे चेहरे पडतात. पण ४२ हजारांच्या वस्तीत वर्षाला अशा काही डझन घटना होतात. त्यातला एक जण वाचला की टक्केवारी उडी मारते, एक गेला की खाली येते. एवढ्या थोड्या घटनांवरून मृत्यूबद्दल ठाम बोलायला दहा-पंधरा वर्षं लागतील. लोक हात पुढे करतात की नाही, हे मात्र दोन वर्षांत कळतं, कारण ते प्रत्येक घटनेत दिसतं. बॉर्नहोमनं जे सिद्ध केलं ते एवढंच, आणि माझ्या मते तेवढं पुरेसं आहे. कायदे तेच, भाषा तीच, ११२ क्रमांक तोच. माणसांचा स्वभाव दोन वर्षांत बदलत नाही. बदलली ती शिकलेल्या माणसांची संख्या.

जिथे डेन्मार्कही अडखळलं

हे प्रकरण फक्त कौतुकाचं करून ठेवलं तर त्याचा उपयोग नाही.

शाळेतला कायदा २००५ चा. त्यानंतर आठ-नऊ वर्षांनी पाहणी झाली तेव्हा सीपीआरचं प्रशिक्षण पूर्ण झालेल्या वर्गांचं प्रमाण २८ टक्क्यांच्या जवळपास निघालं. कायदा करताना ‘शिकवा’ एवढंच म्हटलं होतं. कुठल्या वर्गात, कुणी, कुठल्या तासाला, हे शाळेवर सोडलं होतं. ज्या शाळेत एखाद्या शिक्षकानं ते मनावर घेतलं तिथे झालं, बाकीच्या ठिकाणी राहून गेलं. सक्तीचा विषय झाला म्हणजे शिकवला गेला असं गृहीत धरणाऱ्या प्रत्येकानं हा आकडा जपून ठेवावा.

दुसरं यंत्रांचं. एईडी बसवण्यात डेन्मार्कनं खूप पैसा आणि मेहनत घातली. पण कोपनहेगनमध्ये मोजणी केली तेव्हा चोवीस तास, आठवड्याचे सातही दिवस हाती लागेल असं यंत्र १० टक्क्यांहूनही कमी ठिकाणी होतं. बाकीची कचेऱ्यांत, शाळांत, क्रीडासंकुलांत, कुलपामागे. आणि ६० टक्क्यांहून जास्त घटना संध्याकाळी, रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी घडत होत्या. म्हणजे गरज पडायच्या वेळी दार बंद. त्याहून मोठी अडचण घराची. सार्वजनिक जागी जवळच्या माणसानं शॉक दिल्याचं प्रमाण २००१ ते २०१२ या काळात १.२ वरून १५.३ टक्के झालं. घरात ते १.३ टक्क्यांवरच अडकून राहिलं. चारातल्या साधारण तीन घटना घरातच घडतात.

१२ जून २०२१ ला कोपनहेगनच्या पार्केन स्टेडियममध्ये फिनलंडविरुद्धच्या सामन्यात डेन्मार्कचा फुटबॉलपटू क्रिस्तियान एरिक्सन कोसळला, तो प्रसंग अनेकांनी टीव्हीवर पाहिला. कर्णधार सिमोन क्यार धावत गेला, बाकीच्या खेळाडूंनी पाठ करून कडं केलं, मैदानातच छाती दाबली गेली, शॉक दिला गेला आणि एरिक्सन वाचला. पुढे तो पुन्हा खेळलाही. मी तो प्रसंग वर्गात दाखवत नाही. लोकांना वाटतं, यालाच सीपीआर म्हणतात: भोवती डॉक्टर, यंत्र काही पावलांवर, मोठं रुग्णालय जवळ. ज्या घटनेसाठी मी शिकवते ती अशी असते: रात्रीचे अकरा, दोनच माणसं घरात, एक जमिनीवर आणि दुसरी त्याची बायको. मैदानातलं कडं तिथे नसतं. तिचे दोन हात तेवढे असतात.

आपल्या वर्गात

महाराष्ट्रात हे किती जणांच्या बाबतीत होतं, हा आकडा सांगायला माझ्याकडे काही नाही, कारण आपल्या देशात अशी देशव्यापी नोंदवहीच नाही. वरंगळसारख्या एखाद्या ठिकाणी डॉक्टरांनी स्वतः पुढाकार घेऊन नोंदी केल्या आहेत, त्या फार मोलाच्या आहेत, पण त्या एका भागाच्या. प्रयत्न वाढत आहेत. भारतीय पुनरुज्जीवन परिषदेनं सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत आखून दिली आहे, तोंडानं श्वास देण्याचा भाग त्यातून वगळला आहे, आणि त्यामुळे शिकणाऱ्यांची निम्मी भीती जाते. डिसेंबर २०२३ मध्ये देशभर एकाच दिवशी लाखो लोकांना सीपीआर दाखवला गेला, ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य मंत्रालयानं सीपीआर जागृती सप्ताह घेतला. पण त्या सप्ताहानंतर किती लोकांनी खरंच कुणाची छाती दाबली, हे मोजणारं कुणी नसेल तर पुढच्या सप्ताहात काय बदलायचं हे कसं कळणार?

वर्गात येणारे प्रश्न मात्र मला पाठ आहेत. “बरगडी मोडली तर?” मोडते कधी कधी, जुळते. “पोलिसांच्या भानगडीत अडकलो तर?” मोटार वाहन कायद्यातलं २०१९ चं कलम १३४-अ रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्याला संरक्षण देतं. घरात किंवा बाजारात असंच कुणी कोसळलं, तर त्याबद्दल त्या कलमात शब्द नाही. हे मी लपवत नाही. ही उणीव आहे आणि ती दूर व्हायला हवी. “बाईमाणूस असेल तर हात कसा लावायचा?” हा प्रश्न पुरुष विचारत नाहीत, एकमेकांकडे बघतात. मग मीच काढते. अमेरिकेतसुद्धा सार्वजनिक जागी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना सीपीआर मिळाला आणि स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांना, हे सांगितलं की बायका आधी पुढे येतात आणि बाहुलीसमोर गुडघे टेकतात.

आणि सवयी. शुद्ध हरपली की तोंडावर पाणी, नाकाशी कांदा, नाही तर चप्पल. पाय चोळायचे. उचलून गादीवर ठेवायचं. एकदा एका आजोबांनी मला शांतपणे सांगितलं, की त्यांच्या मोठ्या भावाला घरघर लागली तेव्हा सगळ्यांनी मिळून त्याला पाणी पाजलं होतं, तोंडात तुळशीचं पान ठेवलं होतं. “आम्ही निरोप देत होतो,” ते म्हणाले, “हात लावून बघावं हे सुचलंच नाही.” त्यांना त्या दिवशी मी काही शिकवू शकले नाही. ते वर्ग संपेपर्यंत बसून राहिले आणि जाताना बाहुलीच्या छातीवर दोनदा हात ठेवून बघितला.

डेन्मार्कचं वाचल्यापासून मी माझ्या पद्धतीत एक बदल केला. पूर्वी एका शाळेत जाऊन दोन तास बोलायचे, चाळीस मुलांतली दहा-बारा जणं बाहुलीवर हात ठेवायची, टाळ्या, फोटो, संपलं. आता बोलणं पंधरा मिनिटं आणि दोन बाहुल्या शाळेत ठेवून येते. एकेका मुलानं एका रात्रीसाठी घरी न्यायची. सोबत एक वही: घरी कुणाकुणाला शिकवलं, किती वेळ दाबता आलं, काय अडलं. बाकी काही लिहायचं नाही.

वहीत मुलं जे लिहितात ते मला कुठल्याच अहवालात सापडलं नसतं. ‘बाबांनी एक मिनिटात दम लागला म्हणून सोडलं, मग आई आणि बाबा आळीपाळीनं.’ ‘काकू म्हणाली, बांगड्या काढू का.’ ‘दादाला टक् आवाज येईना, तो कोपर वाकवत होता.’

सातवीतल्या एका मुलीनं मागच्या महिन्यात दोन ओळी लिहिल्या. आजीला खाली बसता येत नाही म्हणून तिनं बाहुली खाटेवर ठेवली. आजीनं खूप दाबलं, पण गादीच खाली जात होती आणि टक् आवाज काही येत नव्हता. मग तिनं बाहुली फरशीवर ठेवली. आजी काठी बाजूला ठेवून, खाटेचा कठडा धरून, हळूहळू खाली बसली. आवाज आला.